पाठमोरे

खुर्ची भिंतीला टेकवून घ्या. मी अलीकडे पाठीमागे मोकळी जागा ठेवत नाही. का, तेच सांगतो.

शहाण्णव सालची संक्रांत होऊन गेली होती. काम अगदी साधं होतं. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत टाल्कम पावडर भरणारा एक कारखाना होता. त्याला कामगार सुरक्षेचं बक्षीस मिळालं होतं. फोटो घ्यायचा, चार ओळी लिहायच्या आणि परत यायचं.

गेटवरचा वॉचमन तुळशीराम, तिथल्याच गावातला. त्याने माझी सही घेतली, पण फाटक उघडलं नाही.

"पेपरवाले ना तुमी? मंग लिवा. माजी बायको कमळी हितंच पॅकिंगला होती. मागं आशाच संक्रांतीत गेली. कंपनी सांगते, लगेच मदत दिली. कोनी हात नाय लावला तिला. येवढंच छापा."

मी बक्षीस विसरलो. आत सुपरवायझर दिलीप कौतुकाने प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र दाखवायला लागला, तसं त्याला सरळ विचारलं, "कमळीबाई कशी गेली?"

त्याचा आवाज खाली आला. "हार्ट बंद पडलं, साहेब. पॅकिंगच्या सगळ्या बायका कँटीनमध्ये हळदीकुंकवाला गेलेल्या. ती मशीन पुसायला मागे राहिली. धाडकन पडली. साडी सरकली होती हो… मग आम्ही चौघांनी तिच्याभोवती गोल केला. तिच्याकडे पाठ करून. कोणी बघायला नको म्हणून. एकाला पळवला, लेडीज बोलव म्हणून. पण तिकडे लाउडस्पीकर चालू…"

"छाती दाबायला शिकवलं होतं ना तुम्हाला?"

"शिकवलं होतं. पुतळ्यावर. पुतळा पुरुषाचा होता, साहेब. हिच्या साडीवरच्या कंपनीच्या कोटाची बटणं काढायची, छातीवर हात ठेवायचे… उद्या कोण काय बोलेल, टेन्शनच आलं."

"आणि वळून तरी पाहिलंत?"

"घरघर ऐकू येत होती. म्हटलं, श्वास चालू आहे…"

"पुतळा असता तर वाचवला असतात. बाई होती म्हणून मरू दिलीत!"

त्याने ते प्रमाणपत्र टेबलावर उलटं ठेवलं. दारातून तुळशीरामच बोलला. तो कधी मागे येऊन उभा राहिला होता, कळलं नव्हतं.

"मी धावत आलो तवा चौघांच्या पाठी दिसल्या मला. आत ती. मी हात जोडले यांना. म्हनलं, माज्या बायकोची लाज राखलीत, उपकार झाले. मंग दवाखान्यातल्या डाक्तरीनबाईंनी इचारलं, छाती कोनी दाबली? तवा समजलं मला."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, चला, कसे उभे होता ते दाखवा मला. तिथेच.

पॅकिंगच्या शेडमध्ये कोणी बाई नव्हती. आजही कँटीनमध्ये हळदीकुंकू होतं, गाणी वाजत होती. दिवेलागणीची वेळ. सगळीकडे तो गोड, गुदमरवणारा पावडरचा वास. दिलीप आणि त्या चौघांतले आणखी दोघे मोकळ्या फरशीकडे पाठ करून उभे राहिले. चौथा धर्मराज, त्याने नोकरी सोडली होती. त्याच्या जागी मी उभा राहिलो. तुळशीराम दारातच थांबला, आमच्याकडे तोंड करून.

तेवढ्यात वीज गेली. गाणी मधेच तुटली.

त्या शांततेत आमच्या पाठीमागे, अगदी खाली, फरशीजवळ… घरघर झाली. थांबली. खूप वेळाने पुन्हा एकदा.

"साहेब…" दिलीप पुटपुटला. "वळू नका…"

"रोज येतं का हे?"

"संध्याकाळी… फक्त."

दारातून तुळशीरामचा आवाज आला. तो रडत होता. "फिरा रे… आता तरी फिरा ना…"

कोणी फिरलं नाही. माझ्या कमरेच्या वर शर्टाला काहीतरी टेकलं. हलकं, गार. मी गर्रकन वळलो.

फरशी मोकळी होती.

वीज आली. ते तिघे माझ्यापुढून दाराकडे निघाले, तेव्हा त्यांच्या पाठी मला दिसल्या. प्रत्येकाच्या शर्टावर पांढऱ्या पावडरीचा हात. खालून वर आलेला, आणि मग पट्ट्यापर्यंत ओघळत गेलेला. करंगळीचं वरचं पेर नव्हतं.

"ते मशीनने घेतलं होतं तिचं," तुळशीराम म्हणाला. "सुटी झाली की गेटवर मी रोज बगतो, साहेब. यांच्या पाठीवर. मला वाटतं, माज्याकडं येनार ती कवातरी. पन यांनाच बोलवते. आजून यांनाच."

मी सगळं लिहिलं. भूत सोडून. त्या गोलाबद्दल, त्या पुतळ्याबद्दल, ती कशामुळे मेली त्याबद्दल. संपादकांनी चष्मा काढून मला बोलावलं.

"घरी बायका-मुली वाचतात हा पेपर. 'बाईची छाती' काय छापायची? 'वेळेत मदत न मिळाल्याने' लिहा."

मी टेबलावर हात आपटला, भांडलो, राजीनाम्याची भाषा केली, राजीनामा मात्र दिला नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते बक्षीस. फोटोत दिलीप हसत होता. तुळशीरामने तो अंक विकत घेतला आणि मी पुन्हा गेलो तेव्हा गेटवर मला एवढंच विचारलं, "तुमी पन नाय?"

तो शर्ट मी धुतला नाही, पुन्हा घातलाही नाही. त्या दिवशी त्यावर फक्त बोटांची टोकं उमटली होती. चार ठसठशीत, करंगळीचं जरा खाली. मी वेळेत वळलो म्हणून तेवढीच, असं मी स्वतःला सांगत आलो.

परवा कपाट आवरताना शर्ट काढला. बोटांच्या खाली आता तळवाही उमटला आहे.

आणि तो खाली ओघळायला लागला आहे.