हिरव्या साड्यांखालची मिरची

"उद्या येळ्ळूरच्या गडावर जायचं, आणि दशम्यांची पिशवी सौरवनं उचलायची," आरोहीनं फर्मान काढलं.

"पोटात घालून उचलतो की," सौरव म्हणाला.

आरोही आणि सौरव ही शहापूरची भावंडं. सुट्टीला कंग्राळीला कल्लाप्पामामांकडं आली होती. मामांचा अमृत आरोहीएवढाच, सातवीतला. तिघांचं चांगलं गूळपीठ जमलं होतं. पण गडाचा बेत शिजतोय तोवर शेतातून मामांचा आवाज आला.

"चंपाक्का, माझी मिरची मारलीसा तुम्ही!"

मामा बांधावर उभे राहून ओरडत होते. पलीकडं कुणी दिसत नव्हतं. वाफ्यातली मिरचीची रोपं पिवळी पडून लुळी झाली होती. शेजारच्या चंपाबाईंनी मागच्या आठवड्यात बांधावर तणनाशक मारलं होतं, त्याचाच हा प्रताप, असं मामांनी ठरवूनच टाकलं होतं.

अमृतचा चेहरा उतरला. "आमची बोअर आटलीय. पाणी चंपाक्काच्या विहिरीचं येतंय. भांडण झालं आणि त्यांनी पाइप काढला तर मिरची गेलीच."

"मग मामा तिकडं जायच्या आधी चोर शोधू," सौरव म्हणाला.

तिघं वाफ्यापाशी उकिडवी बसली. वर बांबूंवर हिरव्या साड्या ताणल्या होत्या. आरोहीच्या वडिलांचे, आप्पांचे, साड्यांचे माग होते. उन्हानं कोवळी रोपं करपू नयेत म्हणून त्यांनी डाग पडलेल्या साड्या मोठ्या प्रेमानं आणून बांधल्या होत्या. त्यातही हिरव्याच वेचून, दुहेरी. "हिरव्याला हिरवंच मानवतंय," म्हणाले होते.

"ही कड बघा," अमृत म्हणाला. बांधाकडच्या कडेला साडी पुरली नव्हती, आणि नेमकी तिथलीच रोपं हिरवीगार होती. "औषध बांधावरनं आलं असतं तर पयली हीच मेली असती न्हवं?"

आरोहीनं वर बघितलं, मग खाली. साडीची सावली जिथं सुरू होत होती, तिथंच पिवळेपण सुरू होत होतं. आप्पांचं नाव घ्यायला तिची जीभ रेटेना. पण चंपाबाईंवर फुकटचा आळ येत होता. ती उठून मामांकडं गेली.

"मामा, चोर आमच्याच घरचा हाय."

"म्हंजे?"

"पान आपलं जेवण आपणच रांधतंय. मुळांकडचं पाणी, हवेतला कार्बन डायऑक्साइड, आणि चुलीच्या जागी ऊन. त्यातनं त्याची साखर होती, आणि आपल्याला ऑक्सिजन मिळतोय. उन्हात सगळे रंग असतात. पान तांबडा, निळा जास्त घेतंय. हिरवा त्यातल्या त्यात जास्त परत टाकतंय, म्हणून तर ते हिरवं दिसतंय. साडीनं नेमका तोच रंग आत सोडला, आणि दुहेरी कापडानं तोही थोडकाच. रोपं उपाशी हायती."

"पुस्तकातलं शहाणपण," मामा गुरगुरले.

"मग अर्ध्या वाफ्यावरच्या साड्या काढून बघूया. तोवर चंपाक्काला काय बोलू नका."

मामांनी नाखुशीनंच मान हलवली. भर दुपारी उघडी रोपं करपली असती, म्हणून तेवढ्यापुरतं अमृत आजोबांचं विरलेलं पांढरं धोतर वर पसरत असे. गडाचा बेत बारगळला, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. काही दिवसांत उघड्या अर्ध्या भागात नवी हिरवी पानं फुटली. साडीखालची रोपं तशीच मान टाकून होती.

रविवारी आप्पा आले. दोन्ही भाग बघून जरा वेळ डोकं खाजवत राहिले. "जल्मभर रंग जुळवलो, आणि हितं चुकलो," म्हणत स्वतःच साड्यांच्या गाठी सोडायला लागले. मग आरोहीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बापाची चूक हाय म्हणून झाकली न्हाईस. लई बरं वाटलं."

संध्याकाळी मामा पोरांना घेऊन चंपाबाईंकडं गेले. त्या सोप्यात शेंगा निवडत होत्या.

"आक्का, चुकलं माझं. तुमच्यावर आळ घेतलतो."

"ठावं हाय. त्या दिवशी तुझा आवाज विहिरीपतोर आलता."

मामा चपापले. "तरी पाणी बंद केलं न्हाईसा?"

"भांडण तुझं नि माझं," चंपाबाई म्हणाल्या. "मिरचीनं काय केलतं?"

मामांनी वाकून चंपाबाईंच्या पायांना हात लावला. त्यांच्यामागून तिन्ही पोरंही वाकली. चंपाबाईंनी ओंजळभर शेंगा आधी आरोहीच्या हातात घातल्या आणि म्हणाल्या, "कल्लाप्पा, ह्या पोरांनी तुझी मिरची राखली, आणि शेजारबी राखला."