न हलणारा ठिपका

नऊ तासांचं काम तासाभरात उरकलं, तर त्याला खिडकी मिळणार होती. साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं: तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. सहा वर्षं बिनखिडकीच्या प्रयोगशाळेत घासलेल्या माणसाला एवढं आमिष पुष्कळ झालं.

संगणकात एक खोटं शहर होतं आणि त्यात चाळीस हजार मोबाईल, म्हणजे पडद्यावरचे ठिपके. कोणाचा सिग्नल कोणापर्यंत पोहोचतो, हे क्षणाक्षणाला मोजायचं. शहरातल्या एका तासाला संगणक नऊ तास खायचा.

त्याने युक्ती काढली. जो ठिपका जागचा हलत नाही, त्याचं पुन्हा मोजायचंच नाही. मागचंच उत्तर पुढे करायचं.

"आपल्या हजेरीसारखं!" शेजारचा बडबड्या खिदळला. "बसलाय ना? मग आहे."

चाचणीला त्याने या शहरात आपल्या प्रयोगशाळेचीच इमारत घातली. गंमत म्हणून आपल्या खुर्चीवर स्वतःचाही ठिपका ठेवला.

साडेचारला बायकोचा फोन आला. "अहो, निघालात का? सहाची गाडी आहे. पोरगी चार वर्षांसाठी चाललीय, आठवण आहे ना?"

"निघालोच. पाच मिनिटांत."

आणि त्याने चाचणी सुरू केली.

चाळीस मिनिटांत शहराचा तास संपला.

"जमलं रे!" तो ओरडला. बडबड्याने मानही वर केली नाही.

पिशवी उचलून तो दाराशी गेला. कार्ड टेकवलं. दिवा लालच. पुन्हा टेकवलं. लालच.

"अरे, दार बघ जरा."

बडबड्या उठला, पण वळला तो रिकाम्या खुर्चीकडे. "काय, निघत नाहीस?" त्याने कान दिला, मान हलवली. "बरं, ये पाच मिनिटांत."

त्याच्या अंगाला घासून बडबड्या बाहेर पडला. दार मिटलं. त्याने मागोमाग घातलेला हात काचेवर आपटला.

पडद्यावर त्याचा ठिपका खुर्चीतच होता.

त्याने बायकोला फोन लावला. "अगं, मी अडकलोय! कोणाला तरी पाठव!"

"बरं, पाच मिनिटांत ना? या मग."

तो किंचाळला. पलीकडून तेच.

सहाला त्याने पुन्हा लावला, तेव्हा फलाटावरून फोन पोरीने घेतला. मागे गाडीचं इंजिन सुरू होतं.

"पोरी, ऐक, मी..."

"बाबा, मगापासून हेच सांगताय," ती हळूच म्हणाली. "थांबते."

साहेबांच्या अहवालात आठ तास वीस मिनिटं वाचली. पोरीची गाडी गेली. फलाटावर ती अजून पाच मिनिटं मोजते आहे.