दोन मजली स्टँड

येत्या मंगळवारी रसिकाच्या कानांची तपासणी होती. सव्वा वर्षाची झाली, तरी हाकेला वळेलच असा भरवसा नव्हता. मी मागून ताटली वाजवायची. कधी वळायची, कधी नाही. श्रीधर म्हणायचा, "आईवर गेलीय. सोयीचं तेवढंच ऐकते."

शनिवारी दुपारी त्याचं वेगळंच चाललं होतं. होम थिएटरचे दोन सबवूफर, म्हणजे नुसता दणका देणारे ते जड काळे खोके, जमिनीवर ठेवून वाजवले की खालच्या मजल्यावरच्या प्रमिलाबेन वर यायच्या. "श्रीधरभाई, माझे डबे चालायला लागतात हं!" म्हणून खोके एकावर एक ठेवायला घरीच स्टँड करायचा ठरला. श्रीधर सायली गावातल्या ज्या कारखान्यात होता, तिथला कारभारी नावाचा वेल्डर चौकोनी पाइपांचा सांगाडा घेऊन आला. पायांखाली जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचं रबर.

"कूलरचा स्टँड करतो ना वहिनी, तसाच. फक्त दोन मजली."

"पोरीच्या अंगावर आला तर?"

कारभारी स्टँडला धरून लोंबकळला. हसत म्हणाला, "आता मी आलो का खाली?" तरी मी भिंतीला बोल्ट मारायला लावलेच. ड्रिल झालं, खोके चढले, श्रीधरनं टीव्हीवर हळदीतलं गाणं लावलं.

दणका थेट छातीत बसला. रसिका फरशीवर डुलायला लागली. पायांना थरथर कळत असेल, म्हणून मी तिला उचलून हवेत धरलं. तिथंही ती ठेक्यावर पाय उडवू लागली. ठेका थांबला की पाय थांबायचे. माझे डोळे भरून आले.

"पोरगी तं बरोब्बर धरते वहिनी!" कारभारीनं तिच्यासोबत दोन गिरक्या घेतल्या. मग ड्रिल आवरायला वाकला, तो तसाच राहिला.

"साहेब..."

बोर्डात अजून ड्रिलचीच पिन होती. खोक्यांच्या दोन्ही पिना चटईवर पडलेल्या.

"टीव्हीचाच आवाज असेल," श्रीधर म्हणाला, आणि त्यानं टीव्ही बंद केला.

आता काहीच ऐकू येईना. मी वरच्या खोक्याला हात लावला. गार, निश्चल.

माझ्या कडेवर रसिकाचे पाय उडतच होते.

तिला खाली ठेवलं. ती तुरुतुरु स्टँडपाशी गेली. वरच्या खोक्याकडे बघून मान हलवली. मग खालच्याकडे वळली, थांबली, खुदकन हसली. पुन्हा वर. दोघं बोलत असताना तिसरा आळीपाळीनं बघतो, तशी.

मी दारापर्यंत मागे सरले. अगदी हळू म्हटलं, "रसिका."

ती तत्क्षणी वळली.

"ऐकलं! अगं, ऐकलं तिनं!" श्रीधरनं मला गच्च धरलं. मी हसत होते, रडत होते.

मी फोनवर असताना ती मध्येच आली, की मी तिला तळवा दाखवते: थांब जरा.

तसाच इवलासा तळवा तिनं मला दाखवला, आणि खालच्या खोक्याला कान लावला.