बाप्टिस्टचा हात

इडा मान्सरला संग्रहालयांचं काडीचं कौतुक नव्हतं. पण संध्याकाळी फादरना उत्तर द्यायचं होतं: मेल्यावर तिला नवऱ्याच्या, गेल्या साली वारलेल्या बाप्टिस्टच्या थडग्यात ठेवायचं, की वेगळं? भाची अगाथा म्हणालीच होती, "मावशी, उभा जन्म एका घरात काढलास, आता कसला विचार?"

विचार होता तो एका हाताचा. स्वित्झर्लंडमधल्या त्यांच्या आपेनझेलमध्ये मत द्यायचं म्हणजे चौकात उभं राहून हात वर करायचा. बायकांना मताचा हक्क द्यायचा का, हे पुरुषांनी ठरवलं तेव्हा ते बापजाद्यांच्या तलवारी कमरेला लावून, चौकाभोवती बांधलेल्या दोराच्या आत उभे होते. बायका बाहेर. इडाला दिसल्या त्या नुसत्या पाठी. ठराव आपटला. घरी जेवताना बाप्टिस्ट शपथेवर म्हणाला, विरोधात माझा हात वर गेला नाही. तिने मान डोलावली, पण विश्वास काही बसला नाही. ते तिला आयुष्यभर सलत राहिलं.

आता त्या दिवसाचा भिंतभर फोटो गावच्या संग्रहालयात लावला होता, म्हणून ती इथे आली होती. "विरोधात कोण?" असं विचारल्यावर काढलेला.

नोव्हेंबरची दुपार, बाहेर धुकं, आत चिटपाखरू नाही. अगाथा खाली कोट टांगत मागे राहिली. वरच्या दालनात ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. इडाने नाक मुरडलं. फोटोत जिकडेतिकडे हातच हात. चष्मा काचेला टेकेपर्यंत जवळ जाऊन ती एकेक चेहरा निरखत गेली, आणि तिला तो सापडला. तोंडात पाईप, नजर मंचाकडे, उजवा हात तलवारीच्या मुठीवर. अख्ख्या चौकात तेवढाच एक हात खाली.

बाई ढसाढसा रडली. उगीच इतकी वर्षं बिचाऱ्यावर संशय घेतला.

"चुकलं रे माझं," ती पुटपुटली. "आता तुझ्याशेजारीच निजते... चालेल ना?"

पाईपच्या धुराचा वास आला. ताजा... अगदी कानाशी. तिने दचकून मागे पाहिलं. कुणीच नव्हतं.

जिन्यावर अगाथाची पावलं वाजली. "मावशी, सापडले का गं काका?"

दाखवायला म्हणून इडा फोटोकडे वळली. बाप्टिस्ट मंचाकडे बघत नव्हता. तो सरळ तिच्याकडे बघत होता. आणि आता त्या अख्ख्या चौकात एकही हात खाली नव्हता.