लाकडी चमच्यांचं वाण

जर्मनीतल्या लाइपझिगहून परतताना मी चॉकलेटं आणली नाहीत. मला तिथल्या रोजच्या जगण्यातलं काहीतरी हवं होतं. शेजारच्या फ्लॅटमधल्या रिख्टरबाई वारल्या, तेव्हा त्यांच्या भाच्याने स्वयंपाकघरातलं सामान खोक्यांत भरून फुटपाथवर ठेवलं. हवं त्याने न्यावं, ही तिथली रीत. मी लाकडी चमचे उचलले. डावखुऱ्या माणसाच्या हातात झिजतात तसे एकाच कडेने झिजलेले.

त्या चमच्यांचा आवाज माझ्या ओळखीचा होता. मी रायपूरला व्हिडिओ कॉल लावायचे. माझी मुलगी स्वरदा इथे आजीजवळ होती. ती खळखळून हसली की रिख्टरबाई चमच्याने भिंत ठोकत. एक ठोका. थांबून दोन. मी लगेच आवाज कमी करायचे. ते हसणं समोर बसून, मोठ्याने ऐकता यावं, म्हणूनच मी परतले.

संक्रांतीला शंकर नगरच्या घरी हळदीकुंकू केलं आणि तेच चमचे वाण म्हणून वाटले. एक स्वतःला ठेवला.

"वाण कोरं द्यावं लागते, माय," सासूबाई म्हणाल्या. "मेल्या बाईचं काहून वाटून राहिली?"

"उकळत्या पाण्यातून काढलेत, आई."

काही दिवसांनी गल्लीतली चेतना आली. फाटकाबाहेरच थांबली.

"ताई, आमचा पोट्टा हसला की भिंत ठोकते कोणी."

"पाण्याचा पाइप असेल."

"पाइपले हसणं समजते काय? लोक विदेशातून चॉकलेट आणतात. तुम्ही काय आणलं?"

"दिलेलं वाण परत घेत नसतात," सासूबाई आतून ओरडल्या. चेतनाने चमचा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला आणि गेली. मग बाकीच्याही ठेवून गेल्या. बेल कुणीच वाजवली नाही. दुकानात भेटल्या, तर तोंड फिरवायच्या.

चमचे बाहेर पडून दवाने भिजतील, म्हणून मी ते घरात आणले.

त्याच दुपारी स्वरदा कार्टून बघताना हसली. भिंतीतून एक ठोका आला. थांबून दोन.

त्या भिंतीपलीकडे रिकामा प्लॉट आहे. मी जाऊन पाहिलं. वाळलेलं गवत, एक गाय. भिंतीला कान लावला. प्लास्टर गार होतं.

मी आत आले, तशी स्वरदा पुन्हा हसली. या वेळी चारही भिंती वाजल्या.

"मम्मी, कौन है?"

त्यानंतर ती हसायची थांबली. हसू आलं की तोंडावर हात दाबून धरायची.

मी सगळे चमचे, स्वतःला ठेवलेलाही, बूढ़ा तालाबात टाकले. लाकूडच ते, तरंगत राहिले. मी स्कूटर वळवली.

भिंती गप्प झाल्या.

रविवारी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "विदेशात राहून आली, पण पोळी अजून छत्तीसगडच्या नकाशासारखीच!" मला हसू फुटलं. किती दिवसांनी, मोठ्याने.

स्वरदाने ताटातून मान वर केली नाही. हातातला स्टीलचा चमचा भिंतीवर मारला.

एक.

थांबून दोन.

मी लगेच आवाज कमी केला.

चमचा तिच्या डाव्या हातात होता.