हात वर करून ओलांडलेली नदी

हुजूर, ती तोफ तुम्हीच बुडवलीत! नदी दगडासारखी गोठली होती तेव्हा ती हलवायचा हुकूम तुमच्या मेजावर लोळत पडला होता. बर्फ पाझरायला लागला, तेव्हा कुठे तुम्हाला जाग आली. आणि आता खटला कप्तान थॉर्पवर? मी त्या तुकडीत होतो. ऐका.

तोफ नदीपलीकडच्या किल्ल्यावर पोचवायची होती. आम्ही शेतकरी, सुतार, लोहार. थॉर्प गिरणीवाला, गावच्या पंचांतला एक. आमच्याकडे कप्तान आम्हीच निवडतो, हात वर करून. म्हणून तो हुकूम कमी सोडतो, हात जास्त मोजतो. त्यातून यंदाच्या गावसभेतून त्याला प्रांताच्या सभेवर निवडून जायचं होतं.

पाइनच्या जंगलातून, गुडघाभर बर्फ तुडवत, बैलांमागून तोफेची घसरगाडी ढकलत आम्ही काठाला लागलो. नदीवरचा बर्फ करडा पडला होता.

"वरच्या उथळ पात्रावरून जाऊ," म्हातारा गाडीवान ओबेड म्हणाला. "दोनेक दिवस जास्त लागतील."

"दोन दिवस!" जोथम लोहार उसळला. "घरी मेपलच्या झाडांचा रस गळतोय. साखरेसाठी तो काय तुझी बायको उकळणार?"

"तुझ्यापेक्षा बरा उकळेल, करपवणार तरी नाही!"

सगळे हसले. थॉर्पने बर्फाकडे पाहिलं. मग आमच्याकडे.

"हात वर करा," तो म्हणाला.

ओबेड सोडून सगळ्यांचे हात वर गेले. माझाही.

नदीच्या मध्यावर आलो आणि कडाड! बर्फ फाटला. गाडी कलली. बैल हंबरले. ओबेड पाण्यात! गाडीची दोरी त्याच्या मनगटाला आवळलेली, आणि तोफ त्याला खाली ओढतेय!

"दोरी तोडू नका! तोफ जाईल!" जोथम किंचाळला.

थॉर्प पोटावर सरपटत गेला. कुऱ्हाडीचा एक घाव. दुसरा! तोफ गेली, बैल गेले. त्याने ओबेडची मानगूट धरली, आम्ही थॉर्पचे पाय धरले, आणि ओढलं.

म्हातारा जगला. पायाची बोटं मात्र गोठून काळी पडली. शेकोटीपाशी थॉर्प ते पाय मांडीवर घेऊन बसला.

"काका, जन्म नदीकाठच्या गिरणीत गेला माझा. बर्फ आतून पोकळ झालाय हे मला दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"हात हवे होते मला."

"मिळाले की," ओबेड म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

गावसभेत थॉर्पने हेच भर सभेत सांगितलं. "माझ्यासाठी हात वर करू नका," म्हणाला. एकाचीही नजर वर उठेना. जोथम आता स्वतःचा रस सोडून ओबेडचा उकळतो.

आम्ही आमचा गुन्हा कबूल केला, हुजूर. तुमच्या चौकशीत मात्र तोफेबद्दल सतरा प्रश्न, ओबेडचं नावसुद्धा नाही! नदी पक्की होती तेव्हा तो हुकूम का अडला? कुणी अडवला? उत्तर द्या!