शनिवारी चार वाजता

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्या कडेवर सीपीयू होता. बाबांच्या शालीत गुंडाळलेला, तापानं फणफणलेल्या पोरासारखा. दुरुस्तीच्या दुकानाचं दार मी पायानं ढकलायला आणि आतून त्यानं ते ओढायला एकच गाठ पडली. मी थेट त्याच्या अंगावर.

“अहो, सावकाश! काय झालंय बाळाला?”

मी उत्तर द्यायच्या ऐवजी भोकाड पसरलं. तो बिचारा जेवायला निघाला होता. हातातला डबा ठेवून त्यानं मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि एकेक विचारायला लागला.

मी शाळेच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढते. आदल्या दिवशी ‘तुमच्या आकृत्यांतल्या दुरुस्त्या’ अशी मेल आली, सोबत एक फाईल. मी मेल पाठवणाऱ्याचा पत्ता न बघताच फाईल उघडली. आत काहीच नव्हतं. सकाळी पाहते तर प्रत्येक फाईलच्या नावाला भलत्याच अक्षरांचं शेपूट! एकही उघडेना. पडद्यावर लाल पाटी – बहात्तर तासांत पैसे भरा, नाहीतर फायली विसरा.

“इंटरनेट?”

“आधी त्याचीच वायर उपटली.”

“शाबास! पैसे?”

“नाही भरले.”

“भरूही नका. चोर पैसे घेऊन फायली उघडायची किल्ली देतीलच कशावरून? पोलिसांत तक्रार आजच करा. पासवर्ड दुसऱ्या मशिनवरून बदला. आणि... बॅकअप आहे ना?”

“आहे की!” मी पर्समधून डिस्क काढली. “ही कायम जोडलेलीच असते. बाबांनी टेप लावून चिकटवली होती. म्हणतात, जोडलेली वस्तू हरवत नाही.”

त्यानं डिस्क हातात घेतली. मग अगदी हळू म्हणाला, “जोडलेली होती... म्हणजे तिच्यावरही हेच झालं असणार.”

झालंच होतं.

“आकृत्यांचं काही नाही हो,” मी डोळे पुसत म्हणाले, “बेडकाचं हृदय मी झोपेतसुद्धा काढीन. पण त्यात माझ्या बाबांचा आवाज आहे.”

बाबांनी चाळीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली. त्यांचं “ब्रेक!” चौकापलीकडे ऐकू जायचं. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. ऑपरेशनआधी पंधरा दिवस आम्ही दोघांनी रोज बसून तो भरून ठेवला होता. दोनशे बारा फायली. रागावणं, आईच्या आठवणी, मला उठवणं, नुसतं खोकणंसुद्धा. आता बाबा पाटीवर लिहितात. त्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं, ‘जाऊ दे गं. कटकट वाचली.’ आणि तोंड फिरवून बसले होते.

सगळं ऐकून तो म्हणाला, “हे कुलूप मला फोडता येणार नाही, खोटं कशाला सांगू? पण असे चोर कधीकधी पकडले जातात. मग किल्ल्या पोलिसांच्या हाती लागतात, फुकट वाटल्या जातात. मशीन मी स्वच्छ करून देतो. बंद फायली मात्र वेगळ्या डिस्कवर जपून ठेवतो. वाट बघायची.”

“किती?”

“माहीत नाही. दर शनिवारी शोधेन... आणि तुम्हाला कळवेन.”

त्या शनिवारी चार वाजता फोन आला. “अजून नाही.” मी म्हटलं, “बरं.” संपलं. पुढच्या शनिवारी “अजून नाही, आणि तुमचे बाबा कसे आहेत?” त्याच्या पुढच्या शनिवारी वीस मिनिटं. पावसाळा सरेपर्यंत ‘अजून नाही’ पहिल्या दमात उरकलं जायचं आणि मग तासभर...

“आज काय काढलंत?”

“फुफ्फुस.”

“कोणाचं?”

“तुमचं! सिगारेट सोडा.”

“चहासुद्धा धड पीत नाही हो मी!”

मी मूर्ख झाले होते, कबूल करते. शुक्रवारी केस धुवायचे – फोनसाठी! चारला पाच कमी असताना पंखा बंद करायचे, त्याचा श्वाससुद्धा चुकू नये म्हणून. किल्ली यावी म्हणून जीव तुटायचा, आणि ती आली की हे शनिवार संपतील म्हणून त्याहून जास्त तुटायचा. मग स्वतःचीच लाज वाटायची.

एकदा मी बोलून गेले. दोन स्थळं आली होती, मी म्हटलं बाबांना एकटं सोडणार नाही, दोन्ही स्थळांनी काढता पाय घेतला. मी हसत सांगितलं. पलीकडे नुसतं “हं...”

पुढच्या शनिवारी फोन तीन मिनिटांत संपला. त्याच्या पुढच्या शनिवारी दोन. मी समजायचं ते समजले. त्या आठवड्यात माणसाच्या हृदयाच्या झडपा मी उलट्या काढल्या. बाबांनी पाटीवर लिहिलं, ‘हा पेशंट गेला.’ आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मग एका मंगळवारी फोन वाजला. मंगळवार! तो बोलायच्या आधीच मला कळलं.

“आली,” तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. “मी येतोय.”

आमच्या टेबलापाशी बसून त्यानं बंद फायलींची डिस्क जोडली आणि किल्ली चालवली. पहिल्या फाईलचं शेपूट गळलं. आणि खोलीत बाबांचा आवाज घुमला, “ए खारूताई! उठतेस की पाणी ओतू?”

बाबा स्वतःच्या आवाजाकडे बघत होते – हो, बघतच होते, स्पीकरकडे, डोळे फाडून. मग चष्मा काढून घाईघाईनं गॅलरीत गेले.

तासाभरात दोनशे बारा फायली मोकळ्या झाल्या. त्यानं नवी डिस्क जोडली, प्रत काढली, डिस्क सोडवून माझ्या हातात दिली. “ही आता कधीच जोडून ठेवायची नाही. आणि दुसरी एक प्रत लागेल. ती घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवायची.”

मी धीर केला. “मग ती तुम्हीच ठेवा ना.”

“माझ्याकडे नको.”

एवढंच. मान वर न करता. मी डिस्क घट्ट धरली. “बरं,” कसंबसं म्हटलं. “तुमचेही बरेच शनिवार गेले आमच्यापायी...”

“तसं नाही!” तो गडबडीनं उठला. “तुम्ही ते स्थळांचं सांगितलंत ना, त्या दिवसापासून हेच घोळतंय डोक्यात. फोनवर शब्दच फुटेना. ती प्रत... ती घराबाहेर राहायला हवी. माझ्याकडे ठेवलीत, तर मलाही बाहेरच राहावं लागेल. आणि मला... मला इथे राहायचंय. तुझ्याजवळ. तुझ्या बाबांजवळ. तुला चालणार असेल तर.”

गॅलरीत बाबा जोरात नाक शिंकरत होते. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हा माणूस माझ्या एवढ्या जवळ उभा होता.

“प्रत आत्याकडे ठेवू,” मी म्हणाले. “तू ये.”